पायथॉनमधून झिप फायली वाचताना मराठी नावांचा होणारा गोंधळ

प्रश्न : दूधवही

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या कार्यालयात ४२ प्राथमिक दूध संस्थांचा हिशेब ठेवला जातो. दर दहा दिवसांनी प्रत्येक संस्थेचे सचिव आम्हाला एक झिप फाइल पाठवतात आणि तिच्यात साधारणपणे तीन फायली असतात : ‘दूध संकलन’ नावाची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल), ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाची दुसरी सीएसव्ही आणि पशुखाद्य, उचल वगैरे कपातींची एक एक्सेल फाइल. पूर्वी हे सगळे हाताने उघडून एका मोठ्या तक्त्यात चिकटवावे लागत असे आणि बिलाच्या आदल्या रात्री आम्हा दोघांचे जागरण ठरलेले असे. म्हणून मी पायथॉनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली. ती प्रत्येक झिप उघडते, नावावरून हवी ती फाइल शोधते आणि आकडे एकत्र करते.

अडचण अशी की ४२ पैकी ११ संस्थांच्या झिपमध्ये माझ्या स्क्रिप्टला मराठी नावे दिसतच नाहीत. ‘दूध संकलन’च्या जागी ग्रीक अल्फा, त्यापुढे डोक्यावर लाट असलेला एन, मग आणखी एखादे परके अक्षर, पुन्हा अल्फा, पुन्हा तोच एन, अशी लांबच लांब रांग छापली जाते. गंमत म्हणजे तीच झिप मोबाइलवर उघडली तर नावे अगदी व्यवस्थित दिसतात, त्यामुळे सचिवांना माझे म्हणणे पटत नाही. तात्पुरता उपाय म्हणून मी नावाऐवजी क्रमावर विसंबलो, म्हणजे पहिली फाइल संकलनाची, दुसरी यादीची असे धरून चाललो; पण गेल्या बिलाला एका संस्थेच्या झिपमध्ये क्रम उलटा निघाला आणि सभासदांच्या क्रमांकांच्या रकान्यात लिटर जाऊन बसले. वाटपापूर्वी ते लक्षात आले हे नशीब.

दुसरा प्रश्न लहान आहे. सगळ्या संस्थांचे निकालपत्रक तयार झाल्यावर स्क्रिप्ट त्यांची एकच झिप बनवते, पण तिचा आकार मूळ फायलींच्या बेरजेइतकाच राहतो. झिप केल्यावर आकार कमी व्हायला नको का? आमच्या संगणकावर पायथॉन ३.१० आहे आणि मी पायथॉनसोबत येणारे झिपफाइल हेच मॉड्यूल वापरतो.

प्रतिसाद : जुनाट टर्मिनल

तुम्ही वर्णन केलेली अल्फा-एनची रांग मी ओळखतो आणि तिच्यात एक दिलासा आहे : नावांतला एकही बाइट हरवलेला नाही, तो फक्त चुकीच्या कोष्टकातून वाचला गेला आहे.

झिपमध्ये फाइलचे नाव म्हणजे नुसती बाइटांची माळ असते. हा साचा फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये डॉसच्या काळात आणला, तेव्हा नावे आयबीएम पीसीच्या सीपी४३७ या २५६ चिन्हांच्या कोष्टकात असतील असे गृहीत होते. त्या कोष्टकात इंग्रजी, थोडी युरोपीय अक्षरे, चौकटी काढायच्या रेघा आणि काही ग्रीक चिन्हे आहेत. देवनागरीचा प्रश्नच नव्हता. पुढे २००६ च्या सुमारास तपशीलपत्रात प्रत्येक नोंदीच्या खुणांमधील ११ व्या बिटाला अर्थ दिला गेला, की हा बिट लावलेला असेल तर नाव यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सर्व लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोडची चिन्हे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, आहे असे समजावे. पायथॉनचे मॉड्यूल हा नियम काटेकोरपणे पाळते : बिट लावलेला असेल तर यूटीएफ-८, नसेल तर सीपी४३७. झिप बनवणारे काही प्रोग्राम मात्र नाव यूटीएफ-८ मध्ये लिहितात आणि बिट लावायचे विसरतात. मोबाइलवरचे ॲप बिटाकडे न पाहता बाइटांवरून अंदाज बांधत असावे, म्हणून तिथे नावे नीट दिसतात. एका अर्थी तुमची स्क्रिप्ट बरोबर आहे आणि पाठवलेली झिप चुकीची आहे, पण हे सचिवांना सांगण्यात काही हशील नाही.

‘दूध’ हा शब्दच घ्या. द, दीर्घ ऊकाराची मात्रा आणि ध असे तीन संकेतांक (युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक), आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाला तीन बाइट लागतात, म्हणून नऊ बाइट : २२४, १६४, १६६, मग २२४, १६५, १३०, मग २२४, १६४, १६७. देवनागरीचा प्रत्येक संकेतांक २२४ ने सुरू होतो आणि पुढचा बाइट १६४ किंवा १६५ असतो. सीपी४३७ मध्ये २२४ म्हणजे अल्फा, १६४ म्हणजे लाटेचा लहान एन आणि १६५ म्हणजे लाटेचा मोठा एन. तुमच्या पडद्यावर दिसते ते हेच.

सीपी४३७ मध्ये २५६ च्या २५६ बाइटांना काही ना काही चिन्ह नेमलेले असल्यामुळे उलटा प्रवास निर्धोक आहे. ३.१० वर असे करा : झिपमधल्या नोंदी इन्फोलिस्टने मिळवा; प्रत्येक नोंदीच्या फ्लॅग_बिट्समध्ये २०४८ चा बिट आहे का ते तपासा; तो नसेल तर फाइलनेम हे मूल्य सीपी४३७ मध्ये एन्कोड करून मूळ बाइट परत मिळवा आणि ते यूटीएफ-८ म्हणून डीकोड करा. डीकोड करताना चूक आली तर जुने नाव तसेच ठेवा. दुरुस्त नाव नोंदीच्या फाइलनेममध्येच ठेवले तरी चालते, कारण मॉड्यूल मूळ नाव वेगळे जपून ठेवते आणि फाइल उघडताना त्याच्याशीच ताडून पाहते. मात्र पुढे फाइल उघडताना नाव न देता ती नोंदच हाती द्या. पायथॉन ३.११ पासून झिप उघडतानाच मेटाडेटा_एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ सांगता येते आणि हा सगळा खटाटोप वाचतो. ही सोय फक्त वाचनासाठी आहे.

इथे आपण जपानी किंवा चिनी लोकांपेक्षा सुदैवी आहोत. त्यांच्याकडे बिट नसलेली झिप शिफ्ट-जेआयएस या जुन्या जपानी कोष्टकात आहे, जीबीके या चिनी कोष्टकात आहे की यूटीएफ-८ मध्ये, हे ओळखणे हा स्वतंत्र उद्योग असतो. विंडोजमध्ये देवनागरीसाठी संपूर्ण प्रणालीला लावता येईल असे जुन्या पद्धतीचे कोडपेज, म्हणजे अक्षरांचे कोष्टक, कधी नव्हतेच. म्हणून बिट नसलेले नाव देवनागरी असेल तर ते यूटीएफ-८ च असणार, असे जवळपास डोळे झाकून धरता येते. ज्या प्रोग्रामने नावातली अक्षरे प्रश्नचिन्हांनी बदलून टाकली असतील, त्याच्या झिपमधून मात्र काहीच परत मिळणार नाही.

आणखी एक. फायली डिस्कवर उतरवू नका. नोंद थेट उघडली की बाइटांचा प्रवाह मिळतो, त्याला आयओ मॉड्यूलमधल्या टेक्स्टआयओरॅपरमध्ये गुंडाळून सीएसव्ही वाचकाला द्या. तिथे एन्कोडिंग नुसते यूटीएफ-८ न देता ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून जतन केलेल्या फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटांची एक अदृश्य खूण असते आणि ती पहिल्या रकान्याच्या शीर्षकाला चिकटून बसते. मग ‘सभासद क्रमांक’ हा रकाना डोळ्यांना दिसतो आणि स्क्रिप्टला सापडत नाही.

प्रतिसाद : बांधावरून

इतका उपद्व्याप कशाला? सगळ्या सचिवांना एक पत्र काढावे आणि फायलींची नावे इंग्रजीत, ठरलेल्या तीन शब्दांतच ठेवायला सांगावीत. माझ्या अनुभवात हाच उपाय टिकतो.

प्रतिसाद : दूधवही

बांधावरून, आपली सूचना व्यवहार्य आहे, पण ते पत्र आम्ही दोन वर्षांपूर्वीच काढले होते. पुढच्या बिलाला एकाच फाइलचे इंग्रजी नाव सात प्रकारच्या स्पेलिंगांनी आले. मराठी नाव मात्र सगळे जण एकच लिहितात, निदान मला तसे वाटत होते.

जुनाट टर्मिनल, तुमची युक्ती अक्षरशः पाच ओळींत बसली. ११ पैकी ११ झिपमधली नावे आता मराठीत छापली जातात. तरीही दोन संस्था अडल्या आहेत आणि मला वेड लागायची पाळी आली आहे. त्यांच्या झिपमधले ‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव पडद्यावर माझ्या स्क्रिप्टमधल्या नावासारखेच दिसते, एकाखाली एक छापले तरी कान्यामात्रेचा फरक नाही, पण तुलना केली की दोन्ही समान नाहीत असेच उत्तर येते. ‘दूध संकलन’ त्याच झिपमध्ये बिनबोभाट सापडते. त्यांतल्या एका संस्थेच्या सचिवांचा मुलगा पुण्याहून आपल्या मॅकवरून झिप करून पाठवतो; दुसरी झिप साध्या विंडोजवरून येते.

प्रतिसाद : अर्धा र

‘दूध संकलन’ सापडते आणि ‘शेतकऱ्यांची यादी’ सापडत नाही, यातच उत्तर आहे. दोष झिपचा नाही, आपल्या ऱ्याचा आहे.

मराठीतला हा ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये कमीत कमी तीन मार्गांनी लिहिता येतो. पहिल्या मार्गात ऱ हे एकच स्वतंत्र अक्षर असते, त्यापुढे हलन्त आणि मग य. दुसऱ्यात साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त आणि य. तिसऱ्यात साधा र, हलन्त, त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचा अदृश्य संकेतांक आणि मग य. फाँट तिन्हींचे चित्र सारखेच काढतो. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द पहिल्या पद्धतीने ११ संकेतांकांचा होतो आणि उरलेल्या दोन्हींत १२ संकेतांकांचा. तुम्ही नुसती लांबी छापून पाहिली असती तरी फरक दिसला असता. पण दुसरी आणि तिसरी पद्धत लांबीवरून वेगळी ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक संकेतांकाचे नाव छापून पाहावे. युनिकोडडेटा मॉड्यूलमधले नेम हे फंक्शन त्यासाठीच आहे.

मॅकवरून आलेल्या नावात दुसरी पद्धत असणार. ॲपलची जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नावे विघटित रूपात, म्हणजे अक्षर आणि त्याची खूण वेगळी करून, साठवत असे आणि तिथली झिप करणारी साधने अजूनही बऱ्याचदा नाव फोडूनच लिहितात. युनिकोडच्या नियमांनुसार ऱ आणि र अधिक नुक्ता ही दोन रूपे समतुल्य आहेत, त्यामुळे हा भाग सोपा आहे : झिपमधले नाव आणि स्क्रिप्टमधले नाव, दोन्ही एनएफसी रूपात, म्हणजे समतुल्य तुकडे जोडून केलेल्या युनिकोडच्या एकाच प्रमाणित रूपात, आणा आणि मगच तुलना करा. एकच बाजू बदलली तर उद्या स्क्रिप्टची फाइल दुसऱ्या संपादकात उघडून जतन केल्यावर पुन्हा हाच घोळ होईल.

विंडोजवरून आलेल्या नावात तिसरी पद्धत असावी, असा माझा अंदाज आहे. काही कीबोर्ड ‘ऱ्या’ असाच उमटवतात. इथे एनएफसी काहीही करणार नाही, कारण जॉइनर असलेले रूप आणि ऱ असलेले रूप युनिकोडच्या लेखी समतुल्य नाहीत. मग लोक सरसकट जॉइनर पुसून टाकतात आणि ती चूक करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जॉइनर काढला की र, हलन्त, य एवढेच उरते आणि त्याचा रफार होतो, म्हणजे आचाऱ्यांना वाढायला बोलावले आणि आचार्यांना निरोप गेला असा प्रकार. योग्य उपाय असा : आधी र, हलन्त, जॉइनर हा तीन संकेतांकांचा तुकडा सापडेल तिथे ऱ आणि हलन्त ठेवा आणि त्यानंतर एनएफसी करा.

हाच सापळा ‘ॲ’ मध्येही आहे. ते एका संकेतांकाचे अक्षर म्हणून लिहिता येते आणि अ वर चंद्र ठेवूनही लिहिता येते. ही दोन रूपेदेखील एनएफसीला वेगळीच वाटतात. तुमच्या नावांत ॲडव्हान्स हा शब्द असेल तर त्याचीही अशीच बदली यादीत घाला. आमच्याकडे अशा बदल्यांची यादी सहा ओळींची आहे आणि गेली चार वर्षे तिच्यात भर पडलेली नाही.

मॅकच्या झिपमध्ये ‘मॅकओएसएक्स’ अशा इंग्रजी नावाचे, सुरुवातीला दोन अधोरेषा असलेले एक जादा फोल्डर असते आणि त्यात प्रत्येक फाइलची टिंब-अधोरेषेने सुरू होणारी सावली असते. तिचे नावही सीएसव्हीने संपते. ती वगळली नाहीत तर स्क्रिप्ट एखाद्या दिवशी भलतेच बाइट सीएसव्ही म्हणून वाचायला बसेल.

प्रतिसाद : जुनाट टर्मिनल

अर्धा र यांनी सांगितलेले मला सुचले नसते. मी आयुष्यभर बाइटांपाशीच थांबलो.

तुमचा दुसरा प्रश्न राहिला होता. पायथॉनमध्ये नवी झिप लिहायला उघडली की मूलभूत पद्धत ‘स्टोअर्ड’ असते, म्हणजे फायली न दाबता जशाच्या तशा ठेवल्या जातात. झिप हे आधी गाठोडे आहे, दाबणे ही ऐच्छिक गोष्ट आहे. झिप उघडतानाच कॉम्प्रेशनच्या जागी झिप_डिफ्लेटेड द्या, ३.७ पासून कॉम्प्रेसलेव्हल म्हणून ० ते ९ पातळीही सांगता येते, पण ६ आणि ९ यांत तुमच्या कामाला जाणवेल असा फरक पडत नाही. त्याच मॉड्यूलमध्ये बीझिप२ आणि एलझेडएमए या पद्धतीही आहेत आणि त्या अधिक दाबतात, परंतु त्या वापरलेली झिप समोरच्याच्या संगणकावर उघडेलच असे नाही, म्हणून बाहेर पाठवायच्या झिपसाठी डिफ्लेटच ठेवा. सीएसव्ही चांगल्या दाबल्या जातील. एक्सेलच्या फायलींकडून मात्र अपेक्षा ठेवू नका. एक्सएलएसएक्स हीच मुळात आत एक्सएमएल भरलेली झिप असते. शेवटची चार अक्षरे बदलून उघडून पाहा.

तुमच्याकडे वीज जात असेल तर हेही लक्षात घ्या. झिपची अनुक्रमणिका पुस्तकासारखी सुरुवातीला नसते, ती शेवटी असते, आणि पायथॉन ती झिप बंद करतानाच लिहितो. स्क्रिप्ट मध्येच मेली तर सगळ्या फायली आत असूनही ‘ही झिप फाइल नाही’ असे उत्तर येते. म्हणून झिप नेहमी पायथॉनच्या विथ या रचनेच्या कुशीत उघडा, म्हणजे ती आपोआप बंद होते, ती आधी तात्पुरत्या नावाने लिहा, टेस्टझिप चालवून प्रत्येक नोंदीची सीआरसी बेरीज (बाइट बिघडलेले नाहीत ना हे तपासणारा आकडा) जुळते का ते पाहा आणि मगच ओएसमधल्या रिप्लेसने खरे नाव द्या. चालू झिपमध्ये भर घालण्याची ‘ए’ ही पद्धत मोहक वाटते, पण तीच फाइल पुन्हा लिहिली तर जुनी नोंद पुसली जात नाही. एका नावाच्या दोन नोंदी आत राहतात, पायथॉन फक्त इशारा देतो आणि आकार वाढत जातो.

नावे लिहिताना तुम्हाला काही करावे लागणार नाही. नावात इंग्रजीबाहेरचे अक्षर दिसले की पायथॉन ते यूटीएफ-८ मध्ये लिहितो आणि ११ वा बिट आपणहून लावतो. फक्त लांबी सांभाळा. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीचे ८५ संकेतांक, आणि मात्रा, हलन्त, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. आपल्या संस्थांची ‘सहकारी दूध उत्पादक संस्था मर्यादित’ अशी पूर्ण नावे त्यापुढे गाव आणि तालुका जोडून दिली तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. झिपच्या आत ते नाव मावते, उतरवताना मात्र नकार येतो. संस्थेचा नोंदणी क्रमांक नावात ठेवा, पूर्ण नाव फाइलच्या आत पहिल्या ओळीत लिहा.

प्रतिसाद : बांधावरून

सात स्पेलिंगे वाचून हसू आले आणि माझा आग्रह मी मागे घेतो. तरीही एक सुचवतो. नाव जुळले तरी त्यावर पूर्ण विसंबू नये. फाइल उघडल्यावर पहिल्या ओळीतली रकान्यांची शीर्षके तपासावीत आणि लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) हे तिन्ही रकाने नसतील तर ती संस्था बाजूला काढून माणसाला दाखवावी. क्रम उलटा आल्यामुळे झालेला घोटाळा या एका तपासणीने तिथेच अडला असता.

प्रतिसाद : दूधवही

आपणा सर्वांचे आभार. संकेतांकांची नावे छापून पाहिली : पुण्याच्या मॅकवरून आलेल्या नावात र आणि नुक्ता निघाला, विंडोजच्या नावात जॉइनर. दोन्ही बदल करून तुलना केली आणि ४२ च्या ४२ संस्था जुळल्या. त्यानंतर शीर्षकांची तपासणी घातली, तर नावे बरोबर असूनही एक संस्था बाजूला पडली. त्या सचिवांनी ‘दूध संकलन’ या नावाखाली मागच्या दहा दिवसांची यादीच पुन्हा पाठवली होती. त्यांना फोन केला आहे, संध्याकाळच्या संकलनानंतर नवी झिप पाठवतो म्हणाले.

डिफ्लेट लावल्यावर निकालपत्रकांची झिप १९ एमबीवरून ४ एमबीवर आली. एक्सेलच्या फायली तेवढ्या तशाच राहिल्या.